टाच संदीपची, उत्तरं नानांची

दोष नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, डिंगोऱ्याचे, शर्यतीच्या बैलांचे मालक. बाकीचे किस्से हसण्यासारखे आहेत. ओतूरच्या दवाखान्यात असले किस्से साचतच जातात, कारण दुखतं एकाला आणि बोलतो दुसराच!

काम साधं होतं. टाचेमागची शीर तुटलेल्या पेशंटना विचारायचे प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणायचे, आणि ते नीट चालतात का हे प्रत्येकाला दोनदा विचारून ताडून बघायचं. शून्य म्हणजे भयंकर त्रास, दहा म्हणजे त्रासच नाही. डॉक्टर मॅडमनी मदतीला मला घेतलं, कारण मी फिजिओथेरपी अर्ध्यात सोडलेली. म्हणजे निम्मं तरी कळत असेल!

पेशंटांत नानांचा मुलगा संदीपही होता. पोलीस भरती तोंडावर आलेली, आणि वयात बसणारी त्याची ती शेवटचीच.

*

भाषांतर एका रिटायर्ड गुरुजींकडे गेलं. त्यांनी लिहून आणलं, "उत्प्लवनसमयी वेदनानुभूती होते काय?"

मी म्हटलं, "गुरुजी, हे कोणाला कळणार?"

"शिकलेल्याला."

"मी बारावी झालोय. मला नाही कळलं."

"म्हणूनच कॉलेज सोडलंस!"

मॅडमनी खोडून लिहिलं, "उडी मारताना त्रास होतो का?"

*

आहुप्याच्या एक आजी. खाचरात विळा लागून शीर कापलेली. त्यांना उडीचं विचारलं.

"बाय, शिकलेली दिसतीस. या वयात म्या कुटं उडी मारू, आन् कशाला?"

मॅडम गोंधळल्या. "मग किती लिहू?"

"उडीच न्हाई, तर तरास कसला? दहा लिवा!"

*

एक बागायतदार आपला आकडा बघून भडकले. "मला सहा? आन् त्या बाकड्यावरच्याला आठ?"

"भाऊ, हे मार्क नाहीत."

"मग मलाबी आठ टाका!"

आठ टाकून घेतले आणि लंगडत गेले.

*

दुसऱ्या फेरीला तर सगळ्यांचं एकच. "मागं काय सांगितलं व्हतं?"

"ते आम्ही सांगायचं नसतं."

"मग जे लिवलंय तेच लिवा. आमी शब्द फिरवत नाय!"

दोन्ही फेऱ्यांचे आकडे जुळले. मॅडम लई खूश. प्रश्नावली एकदम भरवशाची!

*

संदीपच्या पहिल्या फेरीला नाना शेजारी बसलेले.

"चढ चढताना?" संदीपनं तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "दहा."

"उडी मारताना?"

"दहा! जत्रेला बैल धरायला हाच हाय."

मी म्हटलं, "नाना, पाय त्याचा आहे. त्याला बोलू द्या."

"तू आदी कॉलेज पुरं कर!"

दुसऱ्या फेरीला संदीप एकटा आला. लंगडत.

"आज नाना नाहीत. खरं सांग."

"दहा."

"अरे, लंगडतोयस!"

"नानांनी एकदा दहा सांगितलंय ना? आता मी कमी सांगितलं तर नाना खोटे पडत्याल, राव."

मी मॅडमना म्हटलं, "हा लंगडतोय."

"तू आकडे बघ," मॅडम म्हणाल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तंतोतंत! पाय कोणी बघितला नाही. मॅडमनी सांगून टाकलं, "पळायला हरकत नाही."

जत्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, संदीपनं बैल धरले. बैल सुटले, त्यानं बाजूला उडी मारली.

शीर परत तुटली. भरती झाली तेव्हा तो प्लास्टरमध्ये होता. पुढच्या भरतीला त्याचं वय बसलं नाही.