कपाटाला कुलूप लावणारे गुरुजी

जीवन गुरुजी शूर आहेत, हा गैरसमज पाड्यावर पसरला तो एका कुलपामुळे.

नोव्हेंबरात तलासरीकडची जमीन हादरू लागली. पहिल्या मोठ्या धक्क्याला शाळेतली पोरं धूम ठोकून मैदानात आली. गुरुजी मात्र आतच. वर्गाबाहेर पडताना ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप लावायचं, ही त्यांची सहा वर्षांची सवय. पायाखालची फरशी डुलत असताना त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मगच बाहेर आले. बाहेर येताच झेंड्याच्या खांबाला मिठी मारली, ते वेगळं. पण खिचडी शिजवणारी नवशी तोवर सांगत सुटली होती, "आधी पोरा काढली नि मंग गुरुजी निंगाला. वाघ हाय, वाघ!"

हा वाघ पाल दिसली की वाणगावच्या घरात स्टुलावर चढतो, हे फक्त त्याच्या बायकोला, मयूरीला ठाऊक होतं.

धक्के काही थांबेनात. भिंतीला तडा गेला आणि शाळा ताडपत्रीखाली आली. फळा आत राहिला, तक्ते आत राहिले आणि ग्रंथालय, म्हणजे काचेच्या दाराचं ते एकुलतं एक कपाट, तेही आतच. बाहेर अभ्यास कसला होतोय! लांबून डंपर गेला तरी सगळी पोरं उठून उभी. कपाटाची सैल काच वाजली की धक्का आला, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ झालं होतं. आणि त्या काचेकडे सगळ्यांत जास्त कान कुणाचा, तर गुरुजींचा.

पण त्यांच्या जिवाला खरा घोर लागला तो रूपीचा. तिसरीतली ही पोर दिवाळीच्या आधी कुठे बोटाखाली अक्षरं धरून आपली आपण वाचायला लागली होती. हरवलेल्या बकरीची गोष्ट निम्मी झाली आणि जमीन हलली. आता जानेवारीत गुरुजींनी एका फळकुटावर खडूनं 'बकरी' लिहिलं, तर रूपी नुसती बघत राहिली. ओळखीचं माणूस, पण नाव आठवेना, असं तिचं झालं.

"गुरुजी, बकरी गावली का?" तिनं एवढंच विचारलं.

गुरुजींना उत्तर माहीत नव्हतं. शनिवारी अर्धा तास, हात धुऊन, मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची, अशी पुस्तकं त्यांनी जपली होती. वाचायची तेवढी राहून गेली होती.

"आना ना काढून," नवशी म्हणाली. "तुमाला कसला भ्या?"

सगळी पोरं वाघाकडे बघू लागली. वाघ म्हणाला, "उद्या बघू."

असे चार उद्या गेले. पाचव्या दिवशी रूपी आलीच नाही. तिच्या बापाचा, सुक्याचा निरोप तेवढा आला: बाहेर नुसती बसवायची, तर घरी बकऱ्या तरी राखेल.

तेव्हा मात्र गुरुजी उठले. शाळेची पायरी चढून कपाटापाशी गेले. किल्ली कुलपात शिरेना आणि काच थडथडायला लागली. गुरुजींनी डोळे मिटले आणि कुलदैवताला एकदम पाच नारळ बोलले.

खिडकीतून नवशी ओरडली, "गुरुजी, काय हालला नाय! तुमचाच हात हालतं!"

बाहेर पोरं खो खो हसली, कित्येक आठवड्यांनी. नवशीनं खिचडीचा मोठा टोप खिडकीतून आत सरकवला. गुरुजींनी सापडतील ती पुस्तकं त्यात कोंबली, टोप तिच्या हवाली केला आणि बकरीचं तेवढं पुस्तक घेऊन सरळ सुक्याचं अंगण गाठलं.

रूपीनं हात फ्रॉकला पुसले आणि बोट ठेवलं. पहिली ओळ अडली. दुसरी रडतखडत आली. तिसरीला बोट चालू लागलं, आणि त्याच वेळी जमिनीतून घुमल्यासारखा आवाज झाला. बकऱ्या ओरडल्या. गुरुजी ताडकन उठले, हात खिशात किल्लीकडे गेला. खिसा रिकामा! किल्ली कुलपातच, कपाट उघडं, टोप नवशीकडे.

धक्का गेला. रूपीनं मान वर केली होती, पण बोट ओळीवरून हललं नव्हतं.

"गुरुजी, आजच्या दिस ठेवू?"

सहा वर्षांत एकही पुस्तक घरी गेलं नव्हतं. गुरुजींनी रिकामा खिसा पुन्हा एकदा चाचपला.

"ठेव. पण उद्या शाळेत येऊन सांगायचं, बकरी गावली का ते. मलाही ठाऊक नाही."

सुक्या इतका वेळ कुडाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "नि नाय गावली तं?"

"तर दुसरं देईन," गुरुजी म्हणाले. "टोपभर आहेत."