उषाताईंचं बोडण

उषाताई तोंडाच्या फटकळ. आमच्या हरिशंकरपुरम मोहल्ल्यातला भाजीवालाही त्यांच्या दारात आवाज खाली ठेवतो. दुर्गाला मात्र त्यांनीच जगवलं. दुर्गा आमच्या गल्लीतली. तिची सात वर्षांची उन्नती ट्यूशनला म्हणून निघाली ती पोचलीच नाही. सहा वर्षं झाली. नातेवाईक पांगले, पण उषाताई रोज डबा घेऊन जायच्या. "रडायचंय तर जेवून रड," म्हणायच्या.

मग उन्नतीचा छडा लावायला हे मोबाइलवरचे गुप्तहेर उगवले. त्यांचा म्होरक्या शंतनु, उषाताईंचा सख्खा पुतण्या! घरच्या ग्रुपमधला एक जुना फोटो त्याने उकरून काढला. उन्नती नाहीशी होण्याच्या आदल्या आठवड्यातला, उषाताईंकडच्या बोडणानंतरचा: परसात उन्नती, शेजारी ताजा खड्डा.

आमच्यात घरात मंगलकार्य झालं की बोडण भरतात. सवाष्णी आणि एक कुमारिका परातीत देवीभोवती पुरण, वरण, दूध, दही हातांनी कालवतात, कुमारिका पुरे म्हणेपर्यंत. दार लावून. पुरुषांनी बघायचं नसतं. नंतर ते गायीला घालायचं. त्या दिवशी गाय मिळाली नाही, म्हणून परसात पेरूखाली पुरलं. कुमारिका उन्नती होती. माझेही हात त्या परातीत होते.

शंतनुने जन्मात बोडण पाहिलेलं नाही. काकूला विचारायला काय जीभ झडली होती? "बंद कमरा, एक बच्ची, आँगन में गड्ढा!" असा व्हिडिओ टाकून मोकळा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पार लष्कर, थाटीपुर अशा लांबच्या मोहल्ल्यांतून रिकामटेकडे फाटकाशी जमू लागले. खिडकीची काच फुटली. भिंतीवर कोणी कोळशाने 'डायन' लिहिलं.

मी शंतनुला गाठलं. "मौसी, मैं तो सिर्फ सवाल पूछ रहा हूँ ना. लोकांना सच कळायला पाहिजे," म्हणाला. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

उषाताई या कुणाला घाबरल्या नाहीत. दुर्गा डबा तसाच परत पाठवू लागली, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला.

"तिलाही खरं वाटतंय गं," मला म्हणाल्या. "आता खणूनच दाखवते."

दोन मजूर बोलावले. फाटकाबाहेर ही गर्दी. शंतनु मोबाइल उंच धरून लाइव्ह. दुर्गा आली आणि खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. पेरूची मुळं निघाली, विटांचे तुकडे निघाले, मग नुसती ओली माती. मजूर कंबरेइतका आत गेला, तरी काही नाही. गर्दी कंटाळली, पांगायला लागली. शंतनुचा हातही खाली आला. मेल्याला लाज नाही ती नाहीच.

उषाताई दुर्गाजवळ गेल्या. "बघितलंस ना? काही नाहीये, बाई."

दुर्गाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती खड्ड्यात बघत होती.

"भैया," ती मजुराला म्हणाली, "थोड़ा और खोद दो न."

मजुराने उषाताईंकडे पाहिलं.

"खोदो," उषाताई म्हणाल्या.