भात खाल्लेली मोटारसायकल

केशोरीला लग्न होतं आणि मी कोहमाऱ्याच्या फाट्यावर लिफ्ट मागत उभा होतो. गळ्यात दुपट्टा टाकलेल्या एका माणसाने मला मोटारसायकलवर घेतलं. समोरच्याच पंपावर त्याने टाकी भरली, गाडी ढकलत कडुनिंबाच्या सावलीत लावली आणि शेजारच्या ढाब्यावर भजी मागवून निवांत बसला.

"भाऊ, चला नं! लग्न लागून जाईल!"

त्याने टाकीवर मायेने हात फिरवला. "आता पेट्रोलात तांदळाचं इथेनॉल टाकून राहिले. भात खाल्ल्याबरोबर तुमी पळता काय? मंग इले कायले पळवता?"

"पण इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त म्हणतात."

"सस्तंच हाय. पन हे झोपते तवा माह्या चहा-भज्याचा खर्च होते, तो कोन धरते? निरं पेट्रोल होतं तवा हे इथं थांबत बी नव्हती."

दुसरा चहा संपल्यावर त्याने टाकीला कान लावला आणि "उठली" म्हणाला.

केशोरीत पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या, फक्त भात उरला होता. तो दोन ताटं जेवून मी मांडवातच आडवा झालो आणि त्या गाडीचं म्हणणं मला पटलं.