योरलेदीचा चेहरा

आमच्या घरात कामाला हात माझे आणि चेहरा धाकट्या बहिणीचा, योरलेदीचा. माझ्या नावाचं खातं ऑनलाइन काम देणाऱ्या साइटवाल्यांनी कायमचं बंद केलं. वीज गेली की काम अर्धवट राहायचं, आणि आमच्या शहरात, बार्किसिमेतोत, वीज गेली नाही असा दिवस दाखवा मला. त्यांनी ठरवलं, ही बाई कामचुकार! मग योरलेदीच्या नावाने खातं काढलं. रस्त्यांच्या फोटोंतली माणसं, कुत्री, खांब, सगळ्यांभोवती मी दिवसभर कॉम्प्युटरवर चौकटी आखायची, मशीनला ते ओळखायला शिकवायला. मध्येच कधीतरी पडद्यावर यायचं, चेहरा दाखवा. दहा मिनिटांत, याच कॉम्प्युटरसमोर. नाहीतर खातं बंद.

तीन वर्षं ती पोरगी घरापासून दहा मिनिटांपलीकडे गेली नाही. चर्चमध्ये दारालगत बसायची. एकदा अर्धेच केस कापलेले घेऊन धावत आली. कॅमेऱ्याने ओळखलं, आईने नाही. जेवतानाही तिचा पाय हलत असायचा. आई म्हणायची, "अगं, बूड टेक जरा."

मग सीमेपलीकडच्या मेदेयीनहून मावशीचा योरलेदीला निरोप आला. बेकरीत जागा आहे, लगेच निघ. माझं डोकंच फिरलं.

"जा की. आम्ही इथे हवा खाऊ."

ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुझा जीव माझ्यावर आहे की माझ्या तोंडावर?"

मला लाज वाटली, आणि रागही गेला नाही.

सोमवारी सकाळी तिने आमच्यासाठी आरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून ठेवल्या आणि बॅग उचलली. बसचा थांबा कोपऱ्यापलीकडेच. "बस सुटेपर्यंत फोन हातातच ठेवते. चेहरा मागितला तर हाक मार, येते."

ती जाऊन पाव तास झाला असेल. पडद्यावर आलं, चेहरा दाखवा.

"लाव फोन," आई म्हणाली. "अजून थांब्यावरच असेल."

असणारच होती. धावत आली असती, बस चुकली असती, आणि पुन्हा ती कधी निघाली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नंबर न लावता फोन नुसता कानाला धरला. "लागत नाही गं, आई." दहा मिनिटं सरली, खातं बंद झालं. आई उठून आत गेली.

थोड्या वेळाने योरलेदीचाच फोन आला. "ताई, सुटली बस. काही आलं नाही ना?"

"काही नाही आलं," मी म्हटलं. "आता तरी बूड टेक."