त्याला धरला तो मीच

अजूनही कुठं कबड्डीचा सामना दिसला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. बसमधून जाताना रस्त्याकडेच्या मैदानात पोरं खेळताना दिसली तरी मी सीटवरून अर्धा उठतो. बायको म्हणते, बसा की खाली, तुम्हाला कुणी बोलावलंय का? तिला काय सांगणार! जन्मात एक पकड अशी केली की अजून विसरता येत नाही, आणि ती मी केली हे माझं गाव मानायलाच तयार नव्हतं.

पंच्याहत्तर सालच्या आगेमागे असेल. आमच्या गावाला तेव्हा शीव होती आणि शिवेला लागून कंपन्यांच्या भिंती. आमच्या आजोबांच्या ज्वारीच्या रानात एका कंपनीची शेड उभी होती. त्याच शेडमध्ये माझा थोरला चुलतभाऊ मशीनवर कामाला होता. मी त्याला दादा म्हणायचो. तो टेंपररी होता, म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा साहेबांच्या मनात आलं तर काम.

संध्याकाळी पहिली शिफ्ट सुटली की सगळा गाव मामाच्या हॉटेलात. हॉटेलवाला हा अख्ख्या गावाचाच मामा. हॉटेल कसलं, पत्र्याची शेड आणि चार बाकं, पण तिथं जे बोललं जाई तो कायदा. देहूरोडच्या लष्करी डेपोचा संघ नुसता वजनाचा, डोक्यानं रिकामा. महाळुंग्याची पोरं चपळ, पण पंचांशी भांडायला सामन्यापेक्षा जास्त दम लावतात. आपला उजवा कोपरा म्हातारा झालाय, त्याला बसवा. त्याला कसा बसवणार, तो सरपंचाचा मेव्हणा. असं रोज चालायचं, आणि रोज एक तरी माणूस चहा अर्धा टाकून रागानं उठून जायचा. दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यात आधी हजर.

खरा वाद मात्र वेगळाच होता. आमच्यातले निम्मे लोक कंपन्यांत कामाला, आणि कंपन्यांचेही संघ होते. मग पगार कंपनीचा खाणाऱ्यानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? मामाचं मत ठाम होतं. जो कंपनीसाठी टाळी वाजवेल त्यानं बाहेर, गटाराजवळच्या बाकावर बसायचं. त्या बाकाचा एक पाय आखूड होता, बसलं की डुगडुगायचा. आधी ही थट्टाच होती. पण गावात थट्टा फार दिवस चालली की तिचा नियम होतो.

दादासारखी चढाई पंचक्रोशीत कुणाची नव्हती. उलटी लाथ अशी मारायचा की समोरच्याला वारा लागायचा आणि मग कळायचं की आपण बाद झालो. कंपनीनं त्याला घेतलं होतं ते त्या लाथेसाठीच. त्याला सांगण्यात आलं, आमच्या संघातून खेळ, नीट खेळलास तर पर्मनंट करू. घरी बायको, लहान पोर, आणि रान तर शेडखाली गेलेलं. तो काय नाही म्हणणार? तो कंपनीची निळी बनियन घालून खेळायला लागला आणि मामानं त्याला हसत हसत बाहेरचा बाक दाखवला. दादाही हसला आणि बसला. पण मला त्याचं ते हसणं आवडलं नाही.

मी गावाच्या संघात डाव्या कोपऱ्याला होतो. त्या साली चाकणच्या बाजारतळावर अंतिम सामना आला तो नेमका आमच्या गावाचा आणि दादाच्या कंपनीचा. वहिनी म्हणजे दादाची बायको भाकरी वाढताना मला म्हणाली की तुमचं गाव जिंकू दे नाहीतर हरू दे, ह्यांचं काम पक्कं होऊ दे.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटची चढाई कंपनीची, आणि ती करायला दादा. त्यानं एकाला जरी हात लावून मधली रेघ गाठली तर कंपनी जिंकणार, आम्ही धरला तर आम्ही. बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. दादा आत आला, आणि मी त्याच्या हातपायांकडे नाही, त्याच्या डाव्या मुठीकडे बघत होतो. लहानपणी खळ्यात आम्ही हुतुतू खेळायचो तेव्हापासून मला एक ठाऊक होतं. उलटी लाथ मारायच्या आधी त्याची डावी मूठ आपोआप वळायची. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं, आणि मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मूठ वळली. मी खाली झेपावलो आणि लाथ यायच्या आत त्याचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. त्यानं मला रेघेपर्यंत फरफटत नेलं, माझ्या हनुवटीची सालटी निघाली, पण सोडला नाही. त्याचा दम तुटला. पंचांनी शिट्टी दिली.

मी मातीत पडूनच राहिलो. वाटलं, आता गाव मला उचलेल. गाव धावत आलं खरं, पण माझ्यावरून उडी मारून पुढं गेलं आणि दादाला उचललं! कंपनीच्या बनियनसकट त्याला खांद्यावर घेतला, गुलालानं माखला, आणि बाजारतळावरून मिरवला. मामा सगळ्यांच्या पुढं. म्हणे, पोरानं गावाची लाज राखली. दादा वरून ओरडत होता, उतरवा मला, उतरवा. कुणी ऐकायला तयार नव्हतं. पलीकडे कंपनीचे साहेब लोक खुर्च्यांवर बसून हे सगळं बघत होते.

नंतर हॉटेलात दुसरा विषय नाही. दादानं पाय कसा अलगद पुढं केला, दम कसा मुद्दाम तोडला, हे जो तो उठून करून दाखवी. जे सामन्याला आलेही नव्हते तेही करून दाखवत. मी सांगायला गेलो की अहो, मी धरला त्याला, तर हशा पिकला. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"तू धरलास व्हय त्याला? अरे, त्यानं धरून घेतलं म्हणून. रक्त कुठं जातंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हनुवटीची खपली दाखवली तरी मानेनात. त्यांना जिंकण्यापेक्षा हे जास्त गोड लागत होतं की कंपनीनं रान नेलं, पण माणूस नेता आला नाही. घरी गेलो तर वहिनी दारात, हातात ती गुलालानं लाल झालेली बनियन. तीन पाण्यांत धुतली तरी रंग जात नव्हता. तिनं मला आत येऊ दिलं नाही.

"भावजी, खरं सांगा. तुम्ही धरलं का ह्यांनी सोडलं?"

मी म्हणालो, धरलं. तिचाही विश्वास बसला नव्हता.

व्हायचं तेच झालं. दादाला गेटवरच अडवलं. ब्रेक दिलाय, पुन्हा बोलावू असं वाटत नाही, असा निरोप. ज्यानं कंपनीचा सामना विकला त्याला पर्मनंट कोण करणार? दादा हॉटेलात गेला आणि हात जोडून म्हणाला की बाबांनो, मी सोडला नाही, मी जिंकायला आलो होतो, तसं कंपनीत जाऊन सांगा. लोकांनी एकमेकांना डोळे मारले. मामानं त्याला आतल्या बाकावर मानानं बसवलं आणि पैसे न घेता चहा दिला. दादानं तो प्याला नाही. प्रेमानं माणसाचा गळा कसा आवळतात ते मी त्या दिवशी बघितलं. रागानं आवळला असता तर निदान हात तरी झटकता आला असता.

मला बसवेना, झोपवेना. एका सकाळी सायकल काढली आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. वेल्फेअरचे, म्हणजे कामगारांचं आणि संघाचं बघणारे साहेब गाडीतून उतरले तसा आडवा गेलो. सांगितलं की साहेब, पकड खरी होती, ती माझी होती. ते शांतपणे म्हणाले, "मग तुमच्या गावानं गुलाल कुणाला लावला? तुला की त्याला?"

मी वाटेतून हललो नाही. शेवटी वैतागून ते म्हणाले की शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मैदानावर ये, त्यालाही आण, माझ्यासमोर धरून दाखव.

सायकल चालवत परत येताना डोक्यात प्रकाश पडला, आणि तोंडचं पाणी पळालं. धरला, तर म्हणणार दोघांनी ठरवून केलं. नाही धरला, तर म्हणणार बघा, हा त्याला धरूच शकत नाही. दादाला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला की मी येतो, पण मला वाचवायला म्हणून सुद्धा पाय देणार नाही, धरायचा तर धर.

शनिवारी मैदानावर साहेब खुर्ची टाकून बसले, भोवती कामगारांचं कडं. साहेबांनी त्यांच्या संघातली पोरं माझ्या बाजूला उभी केली. पहिल्याच चढाईत दादानं माझ्या खांद्याला हात लावला आणि निघून गेला. लोक हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. दादाच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि मला समजेना की त्या चढाई जिंकल्याच्या आहेत की नोकरी हरल्याच्या. दुसऱ्यांदा तो आला. हुलकावण्या दिल्या, मागं सरला, पुन्हा आत शिरला. मूठ वळली. मी झेपावलो, घोटा हातात, आणि दादा तोंडावर मातीत.

तो उठला तो माझ्या अंगावरच आला. डोळे लाल. सणसणीत थोबाडीत दिली मला, सगळ्यांसमोर, आणि गळपट्टी धरून हलवायला लागला.

"कसं कळतं रं तुला? सांग, कसं कळतं?"

कामगार हसायचे थांबले होते. साहेब खुर्चीतून उठले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की सोमवारपासून कामावर ये. ज्यानं पाय स्वतःहून दिला तो असं विचारत नाही, हे साहेबांना कळलं. आमच्या हॉटेलाला नाही कळलं.

दादा पर्मनंट झाला. वहिनीनं पेढे वाटले. पण शनिवारची हकिगत फुटली, आणि ज्यांनी गुलाल लावला होता त्यांचीच तोंडं फिरली. म्हणजे हा खरंच आपल्याला हरवायला आला होता? म्हणजे त्यानं भावाला मारलं, कंपनीच्या साहेबासमोर? दादा हॉटेलात आला की बोलणं बंद व्हायचं. मामा नजर न देता बाहेरच्या बाकाकडे बोट करायचा, आणि आता त्यात हसणं नव्हतं. थोड्या महिन्यांत त्यानं पिंपरीत खोली घेतली. जाताना मला म्हणाला की कसं कळतं ते एकदा सांग. मी सांगितलं नाही. गावाकडून खेळत होतो, कसं सांगणार?

पुढच्या साली पुन्हा तेच दोन संघ, तोच बाजारतळ. या वेळी आम्ही एका गुणानं पुढं, आणि पुन्हा शेवटची चढाई दादाची. लोक ओरडत होते, धर, धर, गेल्या साली धरलास ना. गेल्या साली! तेव्हा तर कुणी मानलं नव्हतं. दादा आत आला. मूठ वळली. मी जिवाच्या आकांतानं खाली झेपावलो आणि हातात नुसती माती आली. लाथ आलीच नाही. त्यानं मूठ मुद्दाम वळली होती. वर्षभर कंपनीच्या मैदानावर कुणाला तरी समोर बसवून त्यानं स्वतःची खोड शोधून काढली होती. मी भलतीकडे पडलेला, आणि त्यानं हात लांबवून मला आणि माझ्या शेजाऱ्याला, दोघांना बाद केलं आणि रेघ ओलांडली. आम्ही हरलो.

संध्याकाळी हॉटेलात शिरलो. मामानं चहा ओतला, कप माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं.

"भाऊबंद हाय तुझा. सोडणारच तू. जा, बाहेर बस."

मी भांडलो नाही. दादाचं काय झालं ते बघितलं होतं. बाहेर येऊन त्या डुगडुगत्या बाकावर बसलो. गुडघे सोलले होते. एवढ्यात सायकलची घंटा वाजली. दादा. पिंपरीला गेल्यापासून त्यानं गावात पाय ठेवला नव्हता. सायकल गटाराकडेला टेकवून तो माझ्या शेजारी बसला. आतून सगळे बघत होते. त्यानं माझे गुडघे बघितले, माझ्या नखांतली माती बघितली.

"खरंच धरायला आला व्हतास तू," तो म्हणाला. "म्या बघितलं."

चहा हातात तसाच राहिला. माझे डोळे भरून आले, आणि आत मामा बघत होता म्हणून मी मान खाली घालून बसून राहिलो.