डाळ शिजेल ते गाव

बायको गेली त्या वर्षी मी देवीपुढे हात जोडणं सोडलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला मोठा भक्त समजायला नको. भजनी मंडळातली माणसं कितीदा म्हणाली, आबा, तुमचा अनुभव लिहून काढा, चार लोकांना बरं वाटेल. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. टाक हातात धरला की मला औत धरल्यापेक्षा जड वाटतो. पण वय झालं, आणि हे माझ्याबरोबर जळून जाऊ नये असं मलाही वाटतं, म्हणून बसलो आहे.

आमचं मूळ गाव एदलाबादच्या पलीकडे, पूर्णेकडच्या पट्ट्यात. जमीन काळी, कापूस चांगला, पण विहिरीचं पाणी मचूळ. पाहुणा पहिला घोट घेऊन थुंकायचा. आम्ही त्यातच जन्मलो, आम्हाला काही वाटायचं नाही. माझी बायको गोड पाण्याच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "डाळ शिजेल अशा गावी जाऊन राहू." मी हसायचो. "आपली डाळ शिजत नाही का? रोज खातोच की मी!" ती ताटात आणखी वरण वाढायची. तीस वर्षं हे असंच चाललं. मग तिच्या पोटात खडा झाला. वैद्य म्हणाला, पाण्याचा आहे. माघात ती गेली.

तेरावं झालं आणि माझ्या सुनेनं, वेणूनं, पहिल्यांदा वरण केलं. डाळ अशी, की दाताखाली दाणा न् दाणा यावा. मी ताट सरकवून म्हणालो, "तुला माहेरी डाळ शिजवायला शिकवली नाही का?" वेणू पदर पुढे ओढून हळूच म्हणाली, "आबा, डाळीपुरतं पाणी सासूबाई नदीवरून आणायच्या. तुम्ही उठायच्या आत."

नदी आमच्या घरापासून अर्धा कोस. एक हंडा, तोही माझ्या डाळीसाठी. स्वतः विहिरीचंच प्यायली. तीस वर्षं मी भुरके मारून वरण ओरपलं आणि मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या अंगात एक झापड आली. जागा असलो तरी निजल्यासारखा, निजलो तरी जागा. घरात कोणी भांडं ठेवलं की मला वाटे, तीच नदीवरून आली.

आता वेणू नदीवर जाऊ लागली. परत आली की उंबऱ्याशी उभी राहून कंबरेवर हात दाबायची. अगदी तिच्या सासूसारखा हात. मी ते बघायचो आणि नजर फिरवायचो. माझा मुलगा सुपडू बोलायचा नाही, पण त्याच्या मनात वेगळंच होतं. आमच्याकडची काही तरणी माणसं सुरतेच्या गिरणीत निघाली होती, त्यांच्यात यानंही नाव सांगितलं होतं. बायको आणि दोन लेकरं मागं ठेवून वर्षातून एकदा यायचं, असा त्याचा बेत. मी म्हणालो, "घर फोडून जायचं नाही. जायचं तर सगळ्यांनी जायचं, आपल्याच खानदेशात, एखाद्या लहान गावात. सरकी काढायचे जीन कुठं नाहीत? कामाला काय तोटा आहे?"

"कोणतं गाव, आबा?"

"मी शोधतो."

"शोधा. आखाजीपर्यंत थांबतो. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी माझा रस्ता वेगळा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे वर्षाचा सगळा करारमदार उलटतो. सालदार बदलतात, बटाईची शेतं बदलतात. तेव्हा त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. हातात तीन आठवडे होते.

निघायच्या आधी कानबाईच्या कोनाड्यापुढे उभा राहिलो. कानबाई आम्हा खानदेशी लोकांची घरातली देवी. श्रावणात नारळाच्या रूपात तिला चौरंगावर बसवतात, बाया तिची गाणी म्हणतात, भाऊबंद मिळून रोट जेवतात. आमच्या घरी तिचं सगळं बायकोच करायची, गाणीही तीच म्हणायची. मी कोनाड्यात वर्षभर ठेवलेल्या त्या नारळाकडे बघून म्हणालो, "तिनं तुझं एवढं केलं आणि तू तिलाच नेलंस. आता एक कर. जिथं डाळ शिजेल ते गाव मला दाखव. नाही दाखवलंस, तर तुझा माझा संबंध संपला." देवीशी असं बोलू नये. मी बोललो.

वेणूनं एका फडक्यात तूरडाळ बांधून दिली, शिवाय हळद, मीठ, चिंचेचा गोळा आणि एक तपेली. मी आंबट वरणाचा माणूस, हे तिला ठाऊक. कुठं चाललो आणि कशासाठी, एवढंच तिला सांगितलं. बाकी काही नाही.

चैत्राचं ऊन. जळगावपर्यंत रेल्वेनं आलो, पुढे बहुतेक पायीच. दुपारी समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा आणि त्या हलत्या पाण्यात ती पुढे चाललेली दिसायची, डोक्यावर हंडा, मान ताठ. मी पाय उचलले की तीही उचलायची. मी थांबलो की थांबायची. हाक मारावीशी वाटे, पण मारली नाही. वळली असती तर मी काय बोललो असतो? वावटळ उठायची, पाचोळा गोल गोल फिरत माझ्या अंगावरून जायचा, आणि मी आतल्या आत कुठंतरी खूप लांब असायचो. लोक मला वाट सांगायचे, ती मी ऐकायचो आणि विसरायचो, तरी पाय बरोबर जागी पोचायचे.

पहिलं एरंडोल. गाव मनात भरलं. पाणी काढलं, तीन दगड मांडले, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, डाळ चढवली. दुपार कलली तरी डाळ कडक. मग धरणगाव. तिथंही तेच. मग पारोळं. तिथं एका मारवाडी शेठच्या दुकानाच्या ओट्यालगत चूल मांडली होती. शेठ बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आबा, लोक जावई शोधायला निघतात, तुम्ही गाव शोधता? मग गावाची पत्रिका आणली का?" ओट्यावरचे सगळे हसले. मी म्हणालो, "पत्रिका या तपेलीत आहे." तो वाकून बघतो तर डाळ खड्यासारखी. "जुळत नाही वाटतं," म्हणाला, आणि मला गुळाचा खडा आणि ताक दिलं. भला माणूस. पण त्याच्या गावावर मी फुली मारली.

अमळनेरला पोचलो तेव्हा आखाजीला चारच दिवस राहिले होते. बोरी नदी आटलेली. वाळूत झिरे खणून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मी एका झिऱ्याचं पाणी घेतलं, काठावर निंबाच्या सावलीत चूल केली, डाळ, मीठ, हळद, चिंच सगळं टाकलं आणि बुंध्याला टेकलो. निंबाला मोहर होता, त्याचा तो कडवट गोड वास, वाळूवरून येणारी झळ, तपेलीचा खदखद आवाज. डोळे जड झाले. आणि मला गाणं ऐकू आलं. कानबाईचं गाणं, श्रावणातलं, भर चैत्रात. माझी बायको म्हणायची तेच, मधल्या ओळीला आवाज जरा खाली आणून. मी हललो नाही. हललो तर थांबेल असं वाटलं.

डोळे उघडले तर समोर एक बाई. वय पन्नाशीचं, कंबरेवर हंडा, दातांना मिश्री.

"काय शिजाडी ऱ्हायनात, आबा?"

"डाळ. शिजत नाही. तुमच्याही गावचं पाणी वाईट."

हे तिला झोंबलं. "आमना पानीले नाव ठेवता? बठ्ठं गाव पेस हाई पानी!" सगळं गाव हेच पितं, असं बजावत ती हंडा खाली ठेवून तपेलीवर वाकली. वास घेतला. काडीनं थेंब घेऊन चाटला. मग माझ्याकडे असं बघितलं, की मास्तरानं ढ मुलाकडे बघावं. "चिच कवय टाकी?"

चिंच कधी टाकली, असं विचारत होती. मी म्हणालो, "डाळीबरोबरच. मला आंबट लागतं."

बाई अशी हसली, की झिऱ्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. "अरे देवा! आंबट आधी पडनं ते दाय कोठे शिजस का? एवढा म्हतारा व्हयना, घरवालीनी सांगं नही?"

"ती गेली," मी म्हणालो. "माघात."

ती हसायची थांबली. चुलीशी बसली. माझी डाळ बाजूला ओतली, वाळूनं तपेली घासली, त्याच झिऱ्याचं पाणी घेतलं, नुसती डाळ आणि चिमूटभर हळद टाकली आणि जाळ सारला. चिंच तिनं मुठीत धरून ठेवली, जणू मी परत टाकीन. पाण्याला आधण आलं, डाळ फुटली, मऊ झाली, विरघळली. मग तिनं मीठ घातलं, मग चिंच. पळसाच्या पानावर वाढून म्हणाली, "खा."

मी खाल्लं. सगळ्या बायांसमोर रडत खाल्लं. माझं चौथं गाव चाललं होतं आणि मी प्रत्येक ठिकाणी आधी चिंच टाकली होती. ज्यानं तीस वर्षं आंबट वरण खाल्लं, त्यानं चुलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

मी तिला एरंडोल, धरणगाव, पारोळं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिथंही पाणी गोडच आहे, तिथंही शिजली असती. म्हणजे माझी खूणच खोटी पडली. चारही गावं सारखी. मी चिडून म्हणालो, "मग मी जाऊ कोणत्या गावी?"

"माले काय इचारतस? तठे पानी कोन भरी? तू?"

"सून भरेल."

"मंग तिले इचारं का?"

मी वाटसरूंना विचारलं, शेठला विचारलं, देवीला तर धमकी दिली. पण वेणूला नाही. बाई हंडा उचलून गेली. मी तिथंच निंबाखाली आडवा झालो, आणि मला बायको दिसली. समोर बसून पानावरची डाळ खात होती, सावकाश, बोटं चाटत. जन्मभर ती माझ्यानंतर जेवली. त्या दिवशी आधी जेवत होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मी मात्र पोटभर बघत होतो. जाग आली तेव्हा सावली सरकून ऊन माझ्या तोंडावर आलं होतं, आणि कितीतरी दिवसांची ती झापड उतरली होती.

रेल्वेनं घरी आलो. आखाजीला एक दिवस होता. सुपडूचं गाठोडं कोपऱ्यात बांधून ठेवलेलं. मी वेणूला बोलावलं. ती दाराआड उभी राहिली. "मी चार गावं बघितली," मी म्हणालो, "कुठं जायचं ते तू सांग."

सुपडू म्हणाला, "तिला काय विचारता, आबा? तिला काय कळतं?"

"तुझ्या आईबद्दलही मी असंच म्हणायचो," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणाल ते," वेणू म्हणाली. मी नाही म्हणालो. मग तिला चारही गावं सांगितली, चिंचेसकट. चिंचेपाशी आल्यावर ती पदर तोंडाशी धरून हसली. माघापासून आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "त्या बाईनं तुमची डाळ पुन्हा करून दिली? ओळखपाळख नसताना?"

"दिली. वर तोंडभर बोललीही."

"मग तिथंच जाऊ. इथं नदीवर मी एकटीच जाते, आबा. येता-जाता बोलायला कोणी नसतं."

आखाजी करून आम्ही सगळे अमळनेरला आलो. सुपडूला जिनात काम मिळालं, सुरतेचं नाव पुन्हा निघालं नाही. ती बाई आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, नाव ठगूबाई. भांडखोर आहे. मंडळातले लोक म्हणतात, आबांना देवी भेटली. मी सांगतो, देवी नाही, ठगूबाई भेटली. पण एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी झिऱ्यावर तू कानबाईचं गाणं म्हणत होतीस ना? ती म्हणाली, "मी? मना आवाज आयकीसन म्हशी पान्हा चोरतस!" झिऱ्यावर आणखी कोण म्हणत होतं, हेही तिला ठाऊक नाही. मी पुढे विचारलं नाही. ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं.

मला एवढं कळलं, की देवीवर सोडलं असं मी म्हणत होतो, पण उत्तर कसं द्यायचं तेही मीच तिला बजावून निघालो होतो. तिनं माझी अट बाजूला ओतून दिली आणि माझ्याच घरातल्या, कधी न विचारलेल्या तोंडातून उत्तर दिलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. बायकोला हे पाणी मिळालं नाही, ते दुखणं आहे आणि राहील. त्याची तक्रार आता मी करत नाही.

वेणूही आता सासू झाली आहे. पाण्याला गेली की तासभर येत नाही, बायांशी बोलत उभी राहते. इकडे माझा घसा कोरडा पडतो. मी ओट्यावर बसून वाट बघतो, आणि तिचं हसणं ऐकू आलं की मला कळतं, आता येईल.