शिवणीतला आठवा टाका

मी पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो. शाळा चौथीपर्यंत. पण चोवीस वर्षांत संत्रीची ड्यूटी लई केली, आणि तिनं एकच शिकवलं. समोर दिसतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही. आधी "थम! कौन आता है?" मग पासवर्ड. मगच वाट द्यायची.

एकदाच चुकलो. उत्तरेला बर्फातली पोस्ट. आमची पेट्रोल पार्टी दुपारी अडीचला परतायची होती. सव्वातीनला धुक्यातून चार सावल्या वर येताना दिसल्या. मी 'थम' म्हटलं नाही. रेडिओवर बोललो, "पार्टी आली."

"आपली पार्टी अजून खाली नाल्यात आहे! फायर!" पलीकडून साहेब ओरडले.

तेवढ्यात पहिली गोळी आली. माझ्या शेजारचा नाईक मल्लाप्पा, अक्कलकोटचा, माझ्याच अंगावर पडला. पुन्हा उठला नाही. मला जे हवं होतं तेच दिसलं होतं. तेव्हापासून जी गोष्ट हवीशी वाटते तिच्यावर मी दुप्पट संशय घेतो.

आता जुळे सोलापुरात मुलाकडे राहतो. शहरातल्या जुन्या तुरुंगाचं संग्रहालय झालं, सगळे बघून आले, मी जात नव्हतो. माझ्या आज्जाचा धाकटा भाऊ बिरा इंग्रजांच्या वेळी खांद्यावर घोंगडं, हातात झेंडा घेऊन मिरवणुकीत चालला, म्हणून त्याच तुरुंगात गेला. परत आला नाही. गाव म्हणायचं, साथीदारांची नावं सांगून सुटला आणि कर्नाटकात पळाला. मी भरतीला निघालो तेव्हाही वेशीवर एकानं ऐकवलंच, "फितुराच्या घरचा चालला बघा देश राखायला."

गेल्या महिन्यात गेलो. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आत शिरलो. सात नंबरच्या कोठडीत दोरीच्या पलीकडे एक घोंगडं अंथरलेलं. पाटीवर लिहिलेलं, या कोठडीत वारलेल्या कैद्याचं. नाव माहीत नाही.

बिराचंच असावं असं वाटलं, म्हणूनच मी सावध झालो. जुनी घोंगडी बाजारात हवी तेवढी मिळतात.

"हे हितलंच कशावरून?" गार्डला विचारलं.

"जुन्या कोठारात सापडलं, बाबा. वर सात नंबरात मेलेल्याचं म्हणून चिठ्ठी बांधलेली हुती."

"आमच्या घरचं असंल."

"सगळीच म्हणत्यात तसं."

"कितीजण म्हणाले?"

त्यानं डोकं खाजवलं. "तुमीच पहिले."

घोंगडं दोन पट्ट्या जोडून करतात. आमच्याकडे ती मधली शिवण घरच्या बायका घालायच्या, आणि घराघराची खूण वेगळी. आमची कसली ते मला ठाऊक नव्हतं, अठराव्या वर्षीच घर सोडलं. बरंच झालं. ठाऊक असती तर तीच दिसली असती.

"शिवण बघ," गार्डला म्हटलं. "मला सांगू नको. कागदावर लिही आन् मुठीत धर."

"बाबा, मी ड्यूटीवर हाय."

"हीच ड्यूटी."

काय वाटलं कुणास ठाऊक, तो दोरी ओलांडून गुडघ्यावर बसला. बघून लिहिलं. मग मी अक्कलकोटला आत्याला फोन लावला. वय नव्वदीला टेकलं, जीभ धारेवर. गार्डला ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"आत्या, आपल्या घोंगड्याची शिवण कशी असायची?"

"आता शिवायला बसतूस व्हय, म्हाताऱ्या? सुईत दोरा तरी घालता येतोय का?"

"सांग की."

"सात टाकं काळं, आठवा पांढरा. पांढऱ्यावर उलटी गाठ. आईनं बोटं रगताळंस्तवर शिकवलंय मला. का रं?"

"जुळलं, बाबा," गार्ड म्हणाला.

"ऐकून बोलतूस. कागद दे."

चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवून वाचलं. सात काळे. एक पांढरा. गाठ उलटी.

"आत्या," मी म्हणालो, "बिरा आज्जा घावला. तुरुंगातच मेला. पळाला न्हाय."

पलीकडून आत्या म्हणाली, "मग त्याचं सुतक कुणी धरलंच न्हाय की रं."

बारा चाळीसला घरी पोचलो. थेट मोरीत जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. सून घाबरून मोरीच्या दाराशी आली.

"मामा, कोण वारलं?"

"बिरा," मी आतून सांगितलं. "माझ्या आज्जाचा भाऊ. इंग्रजांच्या कैदेत."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भाताखालचा गॅस बंद केला.